रेंजचा खांब

आमच्या गावच्या घराच्या पडवीला सहा खांब आहेत. डावीकडून दुसऱ्या खांबाला डोक्याच्या उंचीवर एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत, आईचा फोन टांगलेला असतो. रेंज तिथेच येते. हातभर इकडे-तिकडे झालं की गेली. माजघरात नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच, तुळशीपाशी आली तर आली. फोन वाजला की आई चुलीवरचं तसंच टाकून पडवीत धावते, पिशवीतून फोन न काढताच बटण दाबते आणि खांबाकडे तोंड करून ओरडून बोलते. माझ्या सासूबाईंचं पथ्य, नवऱ्याचं बीपी आणि मुलीचे सहामाहीचे मार्क अख्ख्या खालच्या वाडीला पाठ आहेत, ते यामुळेच.

गाव संगमेश्वर तालुक्यातलं, देवरुखहून एसटीने पाऊण तास. घराच्या तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला पऱ्या, म्हणजे ओढा. टॉवर वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, पलीकडे. 2023चा पावसाळा सरला आणि खांबावरची रेंजही दोन काड्यांवरून एका काडीवर आली. बोलता बोलता मधलेच शब्द गळायचे. "उद्या ... नको" असं ऐकू आलं की मधे काय होतं ते आपणच भरून घ्यायचं.

आता यावर सगळ्यांकडे एकच उपाय असतो. "अगं, दुसरं सिम घेऊन टाक ना तिला." सांगणाऱ्याचं काय जातं? आईचा हा नंबर 2012 सालचा. माझ्या बाळंतपणाला ती डोंबिवलीला चार महिने येऊन राहिली तेव्हा स्टेशनजवळच्या दुकानात घेतलेला. आधार त्या नंबराला, बँक त्या नंबराला, गॅसचा सिलिंडर त्या नंबराला, बाबांच्या मागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतनही त्याच नंबराला. नंबर बदलायचा तर या प्रत्येकाच्या दारात आईला घेऊन उभं राहायचं. त्यामुळे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, म्हणजे पोर्ट करायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. ही सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे, एका सर्कलमधून (म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागातून) दुसऱ्या सर्कलमध्ये जायची मुभा 3 जुलै 2015 पासून. म्हटलं, इतकी वर्षं झाली, आता सगळं सुरळीत बसलं असेल.

2024च्या दिवाळीनंतर आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे आली. पोर्टच्या आधी एकदा रीतसर तक्रार करून बघावी असं मला वाटलं, कारण मी शिक्षकाची मुलगी आहे आणि आम्हाला अर्ज करायची खोड असते. तक्रारीचा नंबर 198, फुकट. पण मेख अशी की तो ज्या कंपनीचं सिम त्याच कंपनीला लागतो. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा, म्हणजे मी 198 फिरवला तर माझ्याच कंपनीला लागणार. आईच्या फोनवरून करायचा तर गावात दहा मिनिटं फोन टिकत नाही. रेंज नसल्याची तक्रार रेंज असलेल्या जागेवरूनच करता येते. ती जागा आता मिळाली होती, डोंबिवलीचा माझा हॉल.

बावीस मिनिटांनी माणूस मिळाला. आवाजावरून विशीतला, बिचारा अत्यंत अदबीने बोलणारा.

"मॅडम, आपण सध्या कोणत्या लोकेशनवर आहात?"

"डोंबिवलीत."

"तिथे नेटवर्कची काय अडचण येतेय?"

"इथे काही नाही. गावात येते."

"पण आता तर आपला आवाज क्लिअर येतोय, मॅडम."

त्याला मी तीन वेळा समजावलं. गावाचा पिनकोड दिला. त्याने तक्रार नोंदवली, डॉकेट नंबर दिला आणि जाता जाता एक सल्ला दिला, ज्यापायी पुढचा महिना वाया गेला. सिम बारा वर्षांचं आहे, खराब झालं असेल, शोरूममध्ये जाऊन बदलून घ्या, फरक पडेल.

इथे चूक माझी आहे. नाही म्हणायला हवं होतं. पण आई घरात, शोरूम दोन चौकांवर, आधार कार्ड हाताशी. शिवाय नंबर मुंबई सर्कलचा (कल्याण-डोंबिवली त्या हिशेबात मुंबईतच मोडते), त्यामुळे देवरुखला हे सिम बदलून मिळणार नव्हतं. म्हटलं, आलीच आहे तर करून टाकू. अर्ध्या तासात नवं सिम फोनमध्ये. आई खूश, मी खूश.

संध्याकाळी हयातीचा दाखला काढायला बसले. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयात असल्याचं सिद्ध करायचा महिना. आता घरबसल्या फोनवर चेहरा दाखवून होतं ते. आधार टाकलं, नंबर टाकला, ओटीपी पाठवला असं आलं. ओटीपी काही येईना. पुन्हा पाठवला. फोन बंद करून चालू केला. खिडकीत नेला. आई म्हणाली, "खांबाला लाव गो." शेवटी शोरूमला फोन केला तेव्हा कळलं की सिम बदललं की 24 तास एसेमेस येतही नाहीत आणि जातही नाहीत. नियमच आहे तसा, दूरसंचार विभागाचा. कुणी तुमच्या नावाने चोरून सिम काढलं तर तेवढ्या वेळात बँकेचे ओटीपी त्याच्या हाती लागू नयेत म्हणून. नियम शहाणपणाचा आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण सिम देणाऱ्या मुलीने दोन कव्हर आणि एक टेम्पर्ड ग्लास खपवायचा प्रयत्न केला, तेवढ्या वेळात हे एक वाक्य सांगता आलं असतं.

दाखला दुसऱ्या दिवशी झाला. आई हयात आहे हे सरकारला कळलं.

तिसऱ्या दिवशी एसेमेस आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' आमच्या गावात तर कुणीही फिरकलं नव्हतं, शेजारच्या काकूंना विचारून खात्री केली. मी चिडून तिथल्या तिथे पोर्टचा मेसेज टाकला. पोर्ट, मग जागा सोडून दहा आकडी नंबर, आणि 1900 ला पाठवायचा. उत्तर ताबडतोब आलं, विनंती नामंजूर. 1 जुलै 2024 पासून नियम आहे की सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड, जो नव्या कंपनीला द्यायचा असतो, तोच मिळत नाही. कारण तेच, चोरांपासून संरक्षण. चोर कसे आहेत ते माहीत नाही, पण या सगळ्यात आई मात्र पुरती सुरक्षित झाली होती. तिला कुणीच गाठू शकत नव्हतं.

सात दिवस भरायच्या आत डोळ्याची तपासणी झाली आणि आईने पिशवी भरली. सुपाऱ्या वाळत घालायच्या होत्या. माझ्याकडे तिला एरवीही आठवड्याच्या वर करमत नाही. मी तिला काळा चष्मा, डोळ्यात घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या आणि पोर्टच्या मेसेजची चिठ्ठी देऊन गाडीत बसवलं. नव्या सिमने गावात काय फरक पडला हे विचारायला त्या रात्री फोन केला, तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.'

ती गेल्यावर मी अपील केलं. तक्रारीचं उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत, आणि 39 दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाही, ही गोष्ट बहुतेकांना थेट ट्रायला पत्र लिहून झाल्यावर कळते. ग्राहक आयोगात जाता येतं. मधली काही वर्षं तो दरवाजाही बंद असल्यासारखा होता, पण 16 फेब्रुवारी 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल कंपन्यांविरुद्ध तिथे दाद मागता येते हे स्पष्ट केलं. मी म्हटलं, आधी अपील तर होऊ दे.

इकडे गावात शेजारच्या अकरावीतल्या पोराने आईच्या फोनवरून पोर्टचा मेसेज टाइप करून दिला. खांबावरून तो जाईना. दोन दिवस 'पाठवता आला नाही' एवढंच. तिसऱ्या दिवशी पोरगा सड्यावर गुरं बघायला जाताना फोन घेऊन गेला, आणि तिथून मेसेज गेला. कोडही तिथेच आला. गुरुवारची संध्याकाळ. या कोडची मुदत आपल्याकडे चार दिवस.

नव्या कंपनीचं सिम देणारा देवरुखचा दुकानदार ओळखीतून गाठला होता. तो म्हणाला, ताई, कोड आधी पाठवा, मी अर्धं काम करून ठेवतो, माऊलींना थांबायला नको. माणूस चांगला. म्हणून मी आईला फोन लावला. आठ अक्षरी कोड, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेले. आई सातवी शिकलेली, आकडे तिला येतात, पण इंग्रजी अक्षरं म्हणजे चित्रं.

"पहिलं कसं आहे?"

"शिडी बघ, एकच पायरीची."

"एच. पुढचं?"

"टेकू. वर आडवी फळी."

"टी. पुढे?"

असं करत पाच मिनिटं आमचा सारीपाट चालला होता. सहाव्या जागेवर ती म्हणाली, "बेचकी गो. पाय ... लेली."

"पाय असलेली?"

"हां, पाय ... लेली."

मी वाय लिहिला. बेचकी म्हटल्यावर मला पोरांच्या हातातली, मुठीत धरायची बेचकीच दिसली. आई 'पाय नसलेली' म्हणत होती. तो व्ही होता. रेंजने नेमका 'नस' तेवढा खाल्ला.

शनिवारी आई एसटीने देवरुखला गेली, फोटो काढून आली. फॉर्म गेला. दुकानदाराने कोड फोनवरून पडताळला नाही आणि आईने दाखवला नाही, कारण मुलीने इंग्रजीत पाठवलाय म्हणजे बरोबरच असणार. सोमवारी रात्री दुकानदाराचा मेसेज आला की कोड चुकीचा दाखवतोय. मंगळवारी बरोबर कोड टाकला तर मुदत संपलेली. एका पायासाठी.

मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

मग आईचं रिचार्ज संपलं. 28 दिवसांचं. आईचा या 28 वर फार जुना राग आहे. ती म्हणते, दूधवाला, पेपरवाला, भाडेकरू, सगळ्यांचा महिना तीस दिवसांचा, यांचाच कसा चार आठवड्यांचा? बाबांच्या जुन्या डायरीत तिने हिशेब करून ठेवलाय, 28 गुणिले 13 बरोबर 364. वर्षाला तेरा रिचार्ज. ट्रायने जानेवारी 2022 मध्ये कंपन्यांना निदान एक तरी 30 दिवसांचा प्लॅन ठेवायला लावलं, पण तो दुकानात आपणहून कुणी सांगत नाही. आणि आईला इंटरनेट नकोच असतं, बटणांचा फोन तो, तरी रोजचा दीड जीबी डेटा तिच्या गळ्यात. आमचं हे रामायण चालू असतानाच, 23 डिसेंबर 2024 ला, फक्त बोलणं आणि एसेमेस एवढ्याचं वेगळं रिचार्ज ठेवलंच पाहिजे असा नियम ट्रायने केला. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी कुणाचं नेट भरत होते?"

सोडून चाललेल्या कंपनीला आणखी एका महिन्याचे पैसे द्यायला माझं मन होईना. यावेळी मी त्यांच्या दहा आकडी हेल्पलाइनला फोन केला. मुलगी म्हणाली, मॅडम, व्हॅलिडिटी संपलीये, आउटगोइंग बंद आहे, पोर्टचा मेसेज जाणार नाही, आधी रिचार्ज करावं लागेल. हे साफ खोटं आहे. 7 डिसेंबर 2021 ला ट्रायने सगळ्या कंपन्यांना आदेश दिलाय की रिचार्ज कितीचंही असो, 1900 ला जाणारा पोर्टचा मेसेज अडवायचा नाही. मी तारखेसकट सांगितलं. पलीकडे थोडा वेळ गाण्याची धून वाजली. मग ती परत येऊन म्हणाली, "मॅडम, आपण ट्राय करून बघू शकता." कुठला ट्राय ते मी विचारलं नाही.

नाताळच्या सुट्टीत मुलीला घेऊन दिव्याहून सावंतवाडीची गाडी धरली आणि संगमेश्वरला उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी सड्यावर. आई पुढे, काळा चष्मा लावून, काठी टेकत. माझी मुलगी म्हणाली, आजी सिनेमातली वाटते. वर वारा भणाणत होता, कातळावरचं गवत पिवळं पडलेलं, खाली आमच्या घराची कौलं दिसत होती. फोनवर चार काड्या. मी 1900 ला मेसेज टाकला. रिचार्ज संपलेल्या फोनवरून. गेला. मिनिटभरात कोड आला. मी तो वाचला, मुलीने वाचला, आणि तिसऱ्यांदा आईने आपल्या भाषेत वाचला. यावेळी त्यात दोन कंदील आणि एक कोयता होता.

त्याच दिवशी दुपारच्या एसटीने देवरुख. दुकान म्हणजे मोबाइल, झेरॉक्स आणि कोल्ड्रिंक. फोटोसाठी मागे पांढरं हवं म्हणून दुकानदाराने आईला आइस्क्रीमच्या उभ्या फ्रिजच्या दाराला टेकवून उभं केलं. गेल्या वेळीही तिथेच उभं केलं होतं म्हणे, तिला जागा माहीत होती.

"माऊली, चष्मा काढा."

आईने चष्मा काढला आणि उजेडाने डोळे मिटले.

"डोळे उघडा."

उघडले, पाणी आलं, मिटले. ॲप म्हणतं चेहरा नीट दिसत नाही. मी ओढणी दोन्ही हातांनी वर धरून सावली केली, मुलीने पुठ्ठा धरला. बाहेर कोल्ड्रिंकला आलेले दोघं थांबून बघत होते. चौथ्या फोटोला ॲपचं समाधान झालं. मग दुकानदाराने स्वतःचा फोटो काढला, तोही लागतो. पर्यायी नंबर म्हणून माझा दिला होता, त्यावर ओटीपी आला, तो सांगितला. कोड यावेळी आईने फोन काढून दुकानदाराच्या डोळ्यांसमोर धरला आणि तो पूर्ण टाइप होईपर्यंत हात खाली घेतला नाही.

सर्कल बदलत होतं, त्यामुळे पाच कामाचे दिवस. त्याच सर्कलमध्ये असतं तर तीन. मी थांबू शकले नाही, नव्या सिमची चकती आईच्या बटव्यात, सोबत शेजारच्या पोराला ते घालून द्यायची सूचना. सहाव्या की सातव्या दिवशी सकाळी जुनं सिम मेलं. पोराने बॅटरी काढून नवं घातलं. दहाच्या सुमाराला माझा फोन वाजला, आईचं नाव.

"ऐकू येतंय?" ती ओरडली.

"आई, हळू बोल. स्वच्छ ऐकू येतंय."

"मी माजघरात हाय," ती तशीच ओरडत म्हणाली.

स्वयंपाकघरात अजूनही येत नाही. चिऱ्याच्या जाड भिंती आहेत, आणि मला त्याची फार अपेक्षाही नव्हती. पावसाळ्यात काय होतंय ते बघायचं. फोन मात्र अजून खांबालाच असतो. आई म्हणते, तिथे असला की सापडतो.

जुन्या कंपनीने आम्हाला इतक्यात सोडलं नाही. बारा वर्षांत जिने कधी आपणहून फोन केला नव्हता, तिथून पहिल्याच आठवड्यात चार फोन आले. परत या, खास तुमच्यासाठी योजना आहे. आई दर वेळी सगळं ऐकून घेते आणि मग विचारते, टॉवर कधी बांधताय? पलीकडचा माणूस योजना पहिल्यापासून सांगायला लागतो.

जानेवारीत एका रविवारी आईचा फोन आला. इंग्रजीत काहीतरी मेसेज आलाय म्हणाली. शेजारच्या पोराने वाचून दाखवला. आमच्या अपिलाचा निकाल होता. सदर क्रमांक आता कंपनीच्या नेटवर्कवर नसल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे, आणि आमच्या सेवेबद्दल समाधानी असल्यास एक ते पाच यांतला आकडा पाठवावा.

"काय पाठवू?" आईने विचारलं. "पाच म्हणजे चांगलं की वाईट?"